जपानीचा दम

लोणखेडा रस्त्यावरच्या इद्रिसच्या गॅरेजात गेली सव्वीस वर्षं ट्रॅक्टर येत होते, हार्वेस्टर येत होते, उसाचे ट्रक येत होते, आणि दुरुस्त होऊन आपल्या चाकांवर परत जात होते. एकही गाडी हार मानून दुसऱ्या गॅरेजात गेली नव्हती. इद्रिसला या गोष्टीचा इतका अभिमान होता, की चहाच्या टपरीवर तो ती कुणी न विचारताही सांगे. आणि आता रविवारी, म्हणजे अवघ्या दोन दिवसांवर, मयंकशेठची जपानी मोटार भर बाजारातून ट्रकवर चढून पुण्याला जाणार होती. इद्रिसला जमलं नाही म्हणून जाणार होती, आणि अख्खं शहादं गाव ते बघणार होतं.

मयंक म्हणजे बियाणं-खताचे व्यापारी छगनलाल यांचा एकुलता मुलगा. सत्तावीस वर्षांचा, दुकानात हुशार, गाडीच्या बाबतीत वेडा. त्याने मुंबईच्या कुणा हौशी माणसाकडून ही निळी गाडी उचलून आणली. मागे पाटासारखा पंख, खाली जमिनीला टेकेल असं पोट, आणि आत टर्बो. टर्बो म्हणजे एंजिनच्या धुराच्या जोरावर गरगरणारा पंखा. तो बाहेरची हवा ओढतो आणि कोंबून कोंबून एंजिनात भरतो. जितकी हवा जास्त, तितका जोर जास्त. इद्रिसला हे काही नवं नव्हतं. हार्वेस्टरचे टर्बो त्याने डोळे मिटून खोलले असते. म्हणूनच गाडी पहिल्यांदा दारात आली तेव्हा तो चार लोकांदेखत म्हणाला, "टर्बो म्हणजे टर्बो. मंग जपानी ऱ्हावो नहीतर जालंधरी."

ते वाक्य आता त्याला रोज आठवे, आणि रोज स्वतःचीच जीभ चावावीशी वाटे.

दुखणं असं, की गाडी गॅरेजात शहाण्यासारखी वागायची. उभ्या उभ्या रेस दिली की गुरगुरायची, काटा सरसर वर जायचा, कुठे म्हणून खोट नाही. मयंक तिला मोकळ्या रस्त्यावर नेऊन पाय पूर्ण दाबायचा आणि तिथे तिचा दम जायचा. बूस्टचा, म्हणजे हवेच्या दाबाचा, काटा अर्ध्यावर जाऊन थरथरायचा, मागून काळा धूर यायचा, आणि धडगावच्या घाटात तर एकदा वडाप जीपने तिला मागे टाकलं. जीपमध्ये बावीस माणसं होती आणि टपावर दोन बकऱ्या. त्या जीपच्या ड्रायव्हरने हात बाहेर काढून टाटा केला, हे मयंकने इद्रिसला इतक्या वेळा सांगितलं, की आता इद्रिसला त्या बकऱ्याही ओळखू आल्या असत्या.

बरं, दुखणं नीट तरी असावं? मधेच चार-पाच दिवस गाडी ठणठणीत व्हायची. कुणी काही केलेलं नसताना! इद्रिसने एक पाइप बदलला की नेमकी बरी व्हायची, तो सगळ्यांना सांगून मोकळा व्हायचा, आणि आठवड्याने मयंक पुन्हा दारात, तोंड पाडून.

"चाचा, परत तेच."

"काय परत तेच? परवा तर विमानसारखी पळनी ना?"

"परवा पळनी. आज नही पळत."

या तीन महिन्यांत इद्रिसने काय केलं नाही ते विचारा. हवेच्या प्रत्येक पाइपला साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधले. टर्बो उतरवून पाती मोजली, तेल पाजलं, परत चढवला. पेट्रोलचा पंप बदलला, प्लग तीनदा बदलले. मयंक मोबाइलवर गाडीवेड्या पोरांच्या ग्रुपवर रोज रात्री काहीतरी बघायचा आणि सकाळी नवं निदान घेऊन यायचा. पुण्यात त्याचा एक ट्यूनर होता. त्याने गाडीला लॅपटॉप जोडून तिचा कॉम्प्युटर बदलून दिला होता. तो फोनवरून सारखा सांगायचा, की माझ्या कामात दोष नाही, तुमच्या गावठी मिस्त्रीने काहीतरी बिघडवलंय. फोन स्पीकरवर असायचा. गावठी मिस्त्री शेजारीच पाना हातात धरून उभा असायचा.

आणि गाडीत मयंकने काय काय भरून ठेवलं होतं! जाडजूड सायलेन्सर, जो सकाळी सुरू झाला की गल्लीतली पोरं रडत उठायची. पाय सोडला की 'फिस्स' करणारा एक व्हॉल्व्ह, ज्याचा त्या आवाजाखेरीज काही उपयोग इद्रिसला आजवर कळला नव्हता. कंपनीचा हवेचा डबा काढून त्याजागी बोनेटखाली उघडाच बसवलेला, शंकूसारखा फिल्टर, आणि त्याच्यावर इलॅस्टिकची पांढरी खोळ. लाल नळ्या, निळे क्लिप. प्रत्येक वस्तूचं नाव इंग्रजी आणि प्रत्येक वस्तूला हात लावायच्या आधी मयंक म्हणायचा, "चाचा, जपीसन हां. इंपोर्टेड शे."

शेवटी छगनलालांनीच फर्मान काढलं. घरासमोर सकाळ-संध्याकाळ बॉम्ब फुटतो, मुलगा दुकानात बसून फोनवर पाइप शोधतो, पुरे झालं. रविवारी ट्रक बोलवा आणि ते धूड पुण्याला पाठवा. मयंकने शुक्रवारी ते इद्रिसला सांगितलं, आणि वर म्हणाला, "मन्हा नाइलाज शे चाचा. ग्रुपवर बठ्ठा इचारतस, काय व्हयनं, कोनी बिघाडी. मी काय सांगू त्यासले?"

"सांग, इद्रिसनी बिघाडी!" इद्रिस ओरडला. "पन शनिवारपर्यंत गाडी अठेच ऱ्हाऊ दे."

इद्रिसने बिघडवली असं सांग, हे त्याने रागाच्या भरात म्हटलं खरं. पण मयंक मान खाली घालून गेला, आणि तेव्हा इद्रिसच्या लक्षात आलं की पोरगा तेच सांगणार आहे.

शनिवारी तो सकाळी सातलाच गॅरेजात आला. दोन ट्रॅक्टरवाले आले, त्यांना त्याने हाकलून दिलं. पुन्हा साबणाचं पाणी, पुन्हा पाइप, पुन्हा सगळे क्लिप. बारा वाजले, एक वाजला. एकदा तर त्याने गाडीच्या चाकाला सणसणीत लाथ हाणली आणि मग पाय धरून पाच मिनिटं बाकावर बसून राहिला. जेवायला तो घरी गेला नाही म्हणून दोनच्या सुमाराला त्याची बायको रशिदा डबा घेऊन स्वतःच आली. ती घरी शिवणकाम करते. गॅरेजात ती वर्षातून एकदा-दोनदा येते आणि आली की आधी नाकाला पदर लावते.

तिने डबा बाकावर ठेवला, उघड्या बोनेटमध्ये सहज डोकावलं, आणि पदर सोडून म्हणाली, "अय्यो, ये तो मेरा सिया हुआ है!"

"क्या?"

"ये गलना. मयंक की भुआजी ने सिलवाया था आखाड में. दो सिलवाए थे."

इद्रिसने तिच्या बोटाच्या रोखाने बघितलं. फिल्टरवरची पांढरी खोळ. म्हणजे पंधरा दिवसांपूर्वी पांढरी; आता मातकट, आणि चिलटं, डास, पाखरांचे पंख यांनी वरून खाली भरलेली.

त्याने ती ओढून काढली. दोन पदरी मलमल. कडेला रशिदाची बारीक, एकसारखी टीप. ही टीप असलेले सदरे तो तीस वर्षं घालत होता. आणि ही खोळ तो तीन महिने बघत होता! पहिल्याच दिवशी बघितली होती. काय सुबक शिवलीय, म्हणजे विलायती असणार, मयंकच्या त्या इंपोर्टेड थेरांपैकीच एक असणार, असं मनाशी ठरवून तो पुढे गेला होता. ही काय वस्तू, एवढं एक वाक्य विचारायला त्याची जीभ रेटली नव्हती. टर्बो म्हणजे टर्बो म्हणणाऱ्या माणसाने कालच्या पोराला ते कसं विचारायचं?

त्याने डबा तसाच टाकला आणि गाडी काढली. लोणखेड्याच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला. त्याने पाय दाबला. काटा थरथरला नाही, अडखळला नाही. वर गेला तो गेलाच, आणि इद्रिसची पाठ सीटला अशी चिकटली की त्याच्या तोंडून अल्लाचं नाव निघालं. पुढच्या बाभळीखाली गाडी थांबवून तो स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला. आनंद व्हायला हवा होता. त्याला नुसता संताप येत होता, आणि तो नेमका कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

दाखूबाई हे उत्तर समोर होतं. छगनलालांची ही थोरली बहीण लग्नानंतर तीन वर्षांत विधवा होऊन माहेरी आली, ती तिथेच राहिली. मयंकची आई तो चार वर्षांचा असताना गेली. त्याला वाढवलं हिनेच, आणि त्या जैन घरातले व्रत-नेमही हिनेच सांभाळले. सगळा बाजार तिला भुआजी, म्हणजे आत्याबाई, म्हणतो. इद्रिस खोळ मुठीत धरून तिच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला तेव्हा ती ओसरीवर मूग निवडत होती.

"भुआजी, हाई काय शे?"

"दम धर, झटकू नको!" भुआजी लगबगीने उठल्या. त्यांनी खोळ त्याच्या हातातून हळूच घेतली, अंगणातल्या कडुनिंबाखाली नेली आणि तिथे उलटी करून बोटाने टिचकी मारत झाडली. दोन-तीन चिलटं खरंच उडून गेली. "दख. जित्ता शेतस. मी दर चौदसले धोस आन् दुसरी चढावस. काल चौदस व्हती, पन गाडी तुन्हाकडे ऱ्हायनी."

दर चौदसला, पंधरवड्यातून एकदा! म्हणजे धुतलेली खोळ चढली की चार-पाच दिवस गाडी पळायची, मग धूळ आणि किडे भरले की पुन्हा तिचा गळा आवळला जायचा. आणि त्याने तिकडे पाइप बदलून बदलून बोटं सोलून घेतली होती. इद्रिसने कपाळावर हात मारला.

"कव्हा चढावतस तुम्ही?"

"मयंक दिन बुडाना आधी जेवाले येस ना, तव्हा गाडीनं झाकन उघडं ठेवस, थंडी व्हवाले. चातुर्मासमा केवढा जीव उडतस! त्या उघडा फिल्टरमा मी स्वतः दखात, ढीग व्हता मरेल. पानी आपण गाळीसन पेतस, मंग हाई गाडी हवा गाळीसन का नही लेवाव? पाप तर पोऱ्याले लागस ना."

"भुआजी, तिले श्वास लागस! तुम्ही तिनं तोंड बांधी टाकं!"

"आमना साध्वी महासतीजी तोंडवर मुहपत्ती बांधीसन शंभर कोस पायी चालतस. त्यासले पुरस श्वास."

"महासतीजी घाटमा शंभरना स्पीडवर चढतस का?"

यावर भुआजी ओसरीवर परत आल्या. मुगाचं ताट त्यांनी बाजूला सरकवलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे मन्हामुळे बिघडनी ती?"

इद्रिसला हो म्हणायचं होतं. तीन महिन्यांचं सगळं हो त्याच्या ओठांवर होतं. पण त्याने नुसती खाली-वर मान हलवली.

"त्याले सांगू नको, इद्रिस. छगन गाडी लेऊच देत नव्हता, मी भांडनी त्यानासाठे. आते समजनं तर म्हनी, डोकरीनं डोकं फिरनं. घरमा माले तशीबी कोनी काही इचारत नही. मंग गाडीजोडे तर उभंबी ऱ्हाऊ देणार नही."

"बरं, पन आते खोळ चढावू नका. चढावनीच तर गाडी उभी व्हई तव्हाच."

"उभी गाडी कोनले मारस?" भुआजींनी विचारलं. त्या पुन्हा ताटापाशी बसल्या. "ऱ्हाऊ दे. मी दिवाळीपर्यंत एकासनं करसू. एक येळ जेवसू, त्याना नावनं."

म्हणजे तेही आलं डोक्यावर. गाडी बरी केली म्हणून एक म्हातारी अर्धपोटी राहणार. इद्रिस चरफडत घरी गेला. रशिदाने काही विचारायच्या आत तो म्हणाला, "कोई पूछे तो सेन्सर था. किसी को कुछ बोलना मत." झोपताना त्याला वाटलं, यात वाईट ते काय? म्हातारीची लाज राहते, माझं नाव राहतं, पुण्याचा तो शहाणा तोंडावर पडतो. खोटं बोलून कुणाचं काही जात नाही, असा मौका किती वेळा येतो?

रविवारी सकाळी ट्रकवाल्याला नको म्हणून कळवलं, आणि मयंक इद्रिसला शेजारी बसवून धडगावच्या घाटात घेऊन गेला. गाडी अशी चढली की मयंक पहिल्या वळणावर हसायला लागला, दुसऱ्या वळणावर ओरडायला लागला आणि तिसऱ्यावर त्याचे डोळे भरून आले. वर घाटमाथ्यावरच्या टपरीशी त्याने गाडी लावली. टपरीवाला दलसिंग, वडाप जीपचे दोन ड्रायव्हर, चार-पाच बाजारकरू, सगळे भोवती जमले. मयंकने इद्रिसच्या खांद्यावर हात टाकला.

"काय व्हतं चाचा? सांगा यासले बठ्ठासले."

"सेन्सर व्हता," इद्रिस म्हणाला. "हवाना. नवा टाका."

"दखा! पुनावालाले सापडना नही, मन्हा चाचाले सापडना!" मयंकने मोबाइल काढला. "आन् चाचा, ती तुमनी खोळ कथी गई? मी सकाळपाईन पाहू ऱ्हायनू, दिसत नही. ती चढावा परत."

"कोनती खोळ?"

"ती पांढरी, फिल्टरवरनी. तुम्हीच चढावेल ना? पहिलांदा गाडी तुमना गॅरेजमाईन घर नेयी तव्हाच माले दिसनी. म्हनं, चाचानी काही देसी युक्ती शे, इचारं तर म्हनतीन याले येवढं बी समजत नही. मी फोटू टाका ग्रुपवर. इद्रिसचाचाना फिल्टर म्हनीसन. भुसावळवालानी शिवीसन बी लिधी, सुरतना दोन जन आज चढावणार शेत."

इद्रिसने चहा एका घोटात संपवून ग्लास खाली ठेवला. तीन गाड्या. तीन पोरं पाय दाबणार, काळा धूर सोडत घाटात अडकणार, आणि टर्बो हवेसाठी तडफडत फिरत राहणार, फुटेपर्यंत. त्याने मयंककडे बघितलं. हासुद्धा तीन महिने खोळ बघत होता आणि हासुद्धा विचारायला लाजला होता! एकाच दारात उभे राहून दोन मूर्ख एकमेकांना हुशार समजत होते.

"त्यासले फोन कर," तो म्हणाला. "आत्ते. सांग, चढावू नका."

"का?"

"ती खोळच रोग व्हती. सेन्सर-बिन्सर काही नव्हतं. दम तिनीच कोंडेल व्हता."

मयंकचा हात खांद्यावरून खाली आला. "मंग चढावनी कसाले?"

जीपच्या ड्रायव्हरने बिडी खाली टाकली. इद्रिसला वाटलं, दोन शब्द आहेत. तुन्ही भुआ. संपलं. मग त्याला ती मुगाचं ताट सरकवताना दिसली.

"मी चढावनी," तो म्हणाला. "माले वाटनं, किडा-चिलटं जावाले नको. चुकनं मन्हं."

"तुम्ही?"

"मीच. कितला वेळा सांगू?"

त्याला वाटलं मयंक चिडेल, शिव्या देईल, आणि मग आपल्यालाही तोंड सोडता येईल. पण मयंकने उसासा टाकला आणि फोन उचलला. भुसावळला, मग सुरतला. 'नको, नको, आमना मिस्त्रीनी चूक व्हती,' असं तो तीनदा म्हणाला, तिघांनाही, हळू आणि सभ्य आवाजात. मग ग्रुपवर लिहिलं. इद्रिस त्याचा अंगठा हलताना बघत राहिला. लिहून झाल्यावर मयंक म्हणाला, "जाऊ द्या चाचा. व्हस असं. तुम्ही ट्रॅक्टरनंच पाहा. याना कामले आते मी पुनालेच जासू."

दलसिंगने इद्रिसचा रिकामा ग्लास उचलला आणि दुसरा चहा हवा का, ते विचारलं नाही.

परतताना उतार होता, मग सपाटी लागली. मयंकने गाणं लावलं आणि पाय दाबला. टर्बोची शीळ स्वच्छ, न अडखळता वर चढत गेली. तीन महिने जी ऐकण्यासाठी इद्रिसने बोटं सोलली होती, ती हीच. आता खोळ कुणाची होती आणि गाडी कुणी बरी केली हे रशिदाला माहीत होतं, एका उपाशी म्हातारीला माहीत होतं, आणि त्याला.

"गाणं बंद कर," इद्रिस म्हणाला.

"का, चाचा?"

"ऐकू दे जरा."

मयंकने खांदे उडवले आणि गाणं बंद केलं.